फ्रेंच नटी इझाबेल अजानीचा पॉप अल्बम कुठून ऐकायला सुरुवात करावी? फ्रेंच येत नसेल तर काय निसटतं?

अल्बम 1983 चा, एकूण 11 गाणी. संगीत फ्रेंच गीतकार-संगीतकार सर्ज गेन्सबूरचं. बऱ्याच गाण्यांच्या शब्दांत अजानीचाही हात आहे. सुरुवात 'प्युल मारीन'पासून करा, म्हणजे नेव्ही ब्लू स्वेटर. कोपरावर फाटलेला, मुद्दाम न शिवलेला स्वेटर अंगात आणि बाई जलतरण तलावाच्या तळाशी. फ्रेंचमध्ये 'कोपर' म्हणजे कूद आणि 'पुन्हा शिवणं' म्हणजे रकूद्र. गाण्याची सगळी गंमत या यमकात आहे, म्हणून मशीनच्या भाषांतरात ते नुसती तक्रार वाटतं. व्हिडिओ दिग्दर्शक ल्यूक बेसाँचा आहे; 1985 च्या 'सबवे' या चित्रपटात पुढे तो आणि अजानी पुन्हा एकत्र आले.

मग 'ओहायो' ऐका. 'एता' या शब्दाचे दोन अर्थ: अमेरिकेतलं राज्य आणि मनाची अवस्था. 'माझी अवस्था ओहायोच्या जवळपास आहे' हा विनोद त्यावरच उभा आहे. 'बो वी कॉम बोवी'त तर 'देखणा, हो' हे शब्द भराभर म्हटले की इंग्लिश गायक डेव्हिड बोवीचं आडनाव ऐकू येतं!

आवाज मोठा नाही, कुजबुजल्यासारखा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर सिंथेसायझर वर येतो आणि शब्द बुडतात, तेव्हा हेडफोन लावा. शोधताना रोमन लिपीत नटीचं आडनाव (Adjani) टाका; नुसतं गाण्याचं नाव टाकलं तर स्वेटरांची दुकानं समोर येतात.

आवडलं तर त्याच वर्षीचा, गेन्सबूरनेच लिहिलेला गायिका जेन बर्किनचा 'बेबी अलोन इन बाबिलोन' हा अल्बम ऐका. माझ्या मते तो जास्त चांगला आहे.