मीटरभर काठी

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहावी ते आठवीचा भूगोल तुझ्याकडे आल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा तुझा आवाज जरा पडलेला वाटला. विज्ञान मिळालं असतं तर प्रयोग तरी करून घेता आले असते, असं म्हणालीस. तेच मनात राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. भूगोलाची प्रयोगशाळा तुझ्या वर्गाच्या दाराबाहेर आहे आणि तिला कुलूप नाही.

शाळा सुरू झाली की सुताराकडून एक सरळ काठी करून घे. पटांगणात दिवसभर ऊन राहतं अशी जागा बघ आणि तिथे ती रोव. जमिनीच्या वर बरोबर 100 सेंटीमीटर राहिली पाहिजे. ओळंबा लावून बघ, कारण काठी तिरकी असेल तर पुढचं सगळं चुकतं. वर्गात एखाद्याचे वडील गवंडीकाम करत असतील, तर ओळंबा कसा धरायचा हे त्या मुलालाच दाखवू दे. या एका काठीवर तुझे तिन्ही वर्ग चालतील.

पहिल्यांदा सहावीला ने. त्यांना अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं असतात. पृथ्वीगोलावरच्या रेघा बघून मुलं व्याख्या पाठ करतात आणि आपण कुठल्या अक्षवृत्तावर राहतो, हे विचारलं की गप्प बसतात. तू 22 किंवा 23 सप्टेंबरची वाट बघ. विषुवदिनाला सूर्य विषुववृत्तावर लंबरूप असतो, म्हणून त्या दिवशी भर दुपारी तो आपल्या डोक्यापासून जितके अंश कललेला असतो, तितकंच आपलं अक्षवृत्त. साडेबाराच्या थोडं आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायला सांग. सावली आखडत जाईल, क्षणभर थांबल्यासारखी वाटेल आणि परत लांबू लागेल. सर्वांत आखूड सावली टेपने मोजा. आपल्या वाईच्या बाजूला ती 32 सेंटीमीटरच्या आसपास भरते. मग वर्गात येऊन कागदावर काटकोन काढा, उभी बाजू 10 सेंटीमीटर, आडवी 3.2. दोन्ही टोकं जोडली की वरच्या टोकाशी जो कोन होतो, तो कोनमापकाने मोजा. 18 अंश येतो. आता नकाशासंग्रह उघडायला सांग आणि वाई कुठे आहे ते शोधू दे. 18 अंश उत्तर अक्षवृत्ताला अगदी खेटून. स्वतःच्या पट्टीने काढलेला आकडा छापील नकाशात सापडतो, तेव्हा मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलं आहे. एक मुलगी तर कोनमापक नकाशावर ठेवून कितीतरी वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसली होती.

हीच काठी सातवीला ऋतूंसाठी. आपल्या पुस्तकात ऋतुनिर्मिती दोन भागांत दिली आहे, ती मुद्दाम. मधले महिने निरीक्षणासाठी आहेत. बहुतेक ठिकाणी दोन्ही भाग सलग वाचून उरकले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तू तसं करू नकोस. सप्टेंबरची ती 32 सेंटीमीटरची सावली 22 डिसेंबरला 88 च्या घरात जाते. दर पंधरा दिवसांनी एक खुंटी मारत जा, मुलं सूर्याला दक्षिणेकडे जाताना जमिनीवर बघतील. जूनमध्ये सूर्य आपल्याही उत्तरेला जातो आणि भर दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, फक्त दहाएक सेंटीमीटरची. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. शून्य सावलीच्या दिवसाचंही, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते त्या दिवसाचंही, तसंच. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्याला तो वर्षातून दोनदा मिळतो, पण वाईला एकदा 11 मेच्या सुमारास, म्हणजे ऐन सुट्टीत, आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला, ढगांत. मेचा दिवस सुट्टीचा अभ्यास म्हणून दे. अंगणात तांब्या किंवा पाण्याची बाटली उभी ठेवली तरी काम होतं.

उन्हाळा का होतो, हे सातवीला शिकवण्याआधी विचार. निम्म्याहून जास्त हात वर येतील आणि सूर्य जवळ येतो म्हणून, असं उत्तर येईल. लगेच चूक म्हणू नकोस. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, 15.2 कोटींवर. एवढंच फळ्यावर लिही आणि जानेवारीत आपण स्वेटर का घालतो ते विचार. त्यांना थोडं अडू दे. मग बॅटरीचा झोत कागदावर आधी सरळ आणि नंतर तिरका पाडून दाखव. तोच उजेड जास्त जागेवर पसरतो, हे डोळ्यांना दिसलं की पृथ्वीच्या आसाचा 23.5 अंशांचा कल समजावायला वेळ लागत नाही.

आता आठवी. इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी मधल्या सुट्टीची घंटा झाली की बरोबर बारा वाजता सावली मोजायला लावत असे. ती होकायंत्राच्या उत्तरेशी जुळायची नाही. होकायंत्र बिघडलंय म्हणून मी ते बाजूला ठेवायचे. शेजारच्या वर्गात मीच स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ शिकवत होते आणि दोन्हींचा संबंध मला लागला नव्हता. आपली प्रमाण वेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्ताची. वाई 74 च्या जरा अलीकडे. फरक साडेआठ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे चौतीसेक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वर्षभरात यात काही मिनिटांचं मागेपुढे होतं, पण घड्याळातले बारा हे आपले बारा नव्हेत, एवढं पक्कं. त्या वर्षांतल्या मुलांना मी चुकीच्या वेळेच्या सावल्या वहीत लिहायला लावल्या, हे अजून टोचतं. तू हे गणित आठवीकडून करून घे आणि उत्तर काठीपाशी तपासून बघ.

पावसासाठी तर आपला भाग म्हणजे देणगीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की सातशे-आठशे. सगळं मिळून तीस-बत्तीस किलोमीटरचं अंतर. पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, ही व्याख्या लिहून देण्याआधी कुणाकुणाचे मामा वर जावळीकडे राहतात ते विचार. तिकडची घरं पावसाळ्याआधी कशी झडपं लावून बंद करतात आणि भात कुठे लागतो, ज्वारी कुठे, हे मुलंच सांगतील. सरळ भिंतींचा डबा पटांगणात ठेवून रोज पट्टीने पाणी मोजलं तरी पर्जन्यमापक झाला.

भरती-ओहोटीला समुद्र लागतो, तो आपल्याकडे नाही. तिथे कोकणातल्या कोळ्यांचा हिशेब सांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, त्याचंच हे गणित.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, अवघड जातात, ते खरं. घमेल्यात शाडूचा डोंगर कर, दोन-दोन सेंटीमीटरने पाणी वाढव आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने खिळ्याने रेघ ओढायला लाव. मग पाणी काढून वरून बघा. कडा जिथे तुटलेला, तिथे रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील.

हे करताना पाठ मागे पडतील. मुख्याध्यापक विचारतील, पालकही. त्यांना मुलांच्या वह्या दाखव. आणि नावं पाठ करून घ्यायची नाहीत, असं मी म्हणत नाही. नद्या, घाट, जिल्हे तोंडावर असलेच पाहिजेत, नाहीतर मूल पुढे बातमीसुद्धा धड वाचू शकत नाही. उद्योग, लोकसंख्या हे पाठ तू तुझ्या पद्धतीने घेशील, त्याची काळजी नाही.

काठीचं तेवढं लांबवू नकोस. सप्टेंबरात ढग आडवे आले तर दुसऱ्या दिवशी मोज, फार फरक पडत नाही. किती सेंटीमीटर भरली आणि कोन किती आला, ते मुलांच्याच अक्षरात लिहून मला पाठव.

तुझ्या,
भूगोलाच्या बाई