आधी बुडी, मग उचल : लोडरच्या लिव्हरची दुखणी

पावसाळ्याआधी उकिरडे उपसून शेणखत रानात टाकायची घाई सुरू झाली की माझ्याकडे लोडरची पत्रं येतात. यंदाही आलीत. चार निवडली. मोठ्या मशिनचं मला विचारू नका. माझ्या वर्कशॉपच्या दारात येतात ते मिनी ट्रॅक्टर, त्यांच्यापुरतंच बोलतो.

माझ्याकडे २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पुढचा लोडर बसवला. मुक्तगोठ्यातलं शेण ट्रॉलीत भरतो. महिनाभर झालं, भरलेलं बकेट उचलायला लिव्हर हळूच ओढली की बकेट आधी वीतभर खाली येतं आणि मग वर जातं. एक मिस्त्री म्हणाला पंप गेला. दुसऱ्यानं दोन्ही जॅकना (तेलाच्या दाबानं भुजा उचलणारे सिलिंडर) नवीन सील किट टाकलं. फरक शून्य. आता पंप बदलू का?
— दूध उत्पादक, ता. राहाता

भाऊ, पंपाला हात लावू नका. तुम्ही पत्रात एक शब्द फार कामाचा लिहिलाय, 'हळूच'. लिव्हर एकदम ओढली, किंवा रेस देऊन ओढली, तर बुडी कमी होते की नाही ते बघा. आणि भरलेलं बकेट कमरेएवढं उचलून लिव्हर सोडून द्या, तर ते जागच्या जागी थांबतं का तेही बघा. बघताना बकेटखाली माणूस, पोर, वासरू काही नको. थांबत असेल आणि फक्त लिव्हर ओढायला लागल्यावरच खाली बसत असेल, तर दुखणं पंपातही नाही आणि जॅकमध्येही नाही. ते लिव्हरच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात आहे.

ठोकळ्याच्या आत पेन्सिलीसारखा एक दांडा मागेपुढे सरकतो, त्याला स्पूल म्हणतात. लिव्हर मधोमध असते तेव्हा पंपाचं तेल ठोकळ्यातून सरळ टाकीत परत जातं, दाब जवळजवळ नसतोच. लिव्हर ओढली की टाकीचा रस्ता हळूहळू बंद होतो आणि जॅकचा उघडतो. या दोन्हीच्या मधे एक क्षण असा येतो की जॅकचा रस्ता उघडलेला असतो, पण पंपाच्या तेलात अजून दाब आलेला नसतो. जॅकमधल्या तेलावर मात्र भरलेल्या बकेटचा भार असतो. मग ते तेल उलटं पळतं, आणि तीच तुमची बुडी.

हे होऊ नये म्हणून ठोकळ्यात एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, लोड चेक. विहिरीतल्या पाइपाच्या फूटव्हॉल्व्हसारखंच त्याचं काम. फूटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली की पाणी उतरतं आणि मोटार बदलून काही होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथंही तसंच काहीतरी अडकलंय.

काय अडकतं? माझाच किस्सा सांगतो. बरीच वर्षं झाली, एका गिऱ्हाइकाच्या लोडरला हाच रोग होता आणि मीही तुमच्या मिस्त्रीसारखंच दोन्ही जॅकचं किट टाकून पैसे घेतले. आठ दिवसांनी तो परत दारात. शेवटी लोड चेकचा प्लग खोलला, तर सीटवर नखाएवढी पांढरी चिंधी चिकटलेली. टेफलॉन टेप! पाइप गळतो म्हणून नळाला गुंडाळतात तशी कुणीतरी निपलला गुंडाळली होती आणि तिचा तुकडा तेलाबरोबर आत गेला होता. तो 'कुणीतरी' मीच होतो, आदल्या उन्हाळ्यातला. किटचे पैसे परत दिले. तेव्हापासून माझ्या दुकानात हायड्रॉलिकच्या जोडाला टेप लागत नाही. जिथं डौटी वायसर (आतून रबर बसवलेला धातूचा वायसर) हवा तिथं डौटी वायसर, जिथं ओ-रिंग हवी तिथं ओ-रिंग.

तुम्ही असं करा. बकेट जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, दोन्ही लिव्हर (उचलायची आणि बकेट वळवायची) सगळ्या दिशांना दोन-तीनदा हलवा म्हणजे पाइपातला दाब उतरेल. ठोकळा बाहेरून डिझेलनं धुऊन हवा मारा. वरचं शेण आत पाडून घेतलं तर आगीतून फुफाट्यात. मग प्लग ओळखा. लॉकनट आणि मधे स्क्रू दिसतो तो रिलीफ, म्हणजे जास्तीचा दाब टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह, त्याच्या वाटेला जायचं नाही. लोड चेकचा प्लग साधा असतो, षटकोनी डोक्याचा नाहीतर ॲलन कीचा. काही ठोकळ्यांत प्रत्येक स्पूलला वेगळा लोड चेक असतो, काहींत दोघांत मिळून एक. बुडी फक्त उचलताना बसते, बकेट आत वळवताना नाही, असं असेल तर उचलायच्या बाजूचा खोला.

प्लगवर हात ठेवून खोला, मागे स्प्रिंग असते, उडून कडब्यात गेली तर दिवस जाईल. स्प्रिंगच्या मागे शंकूच्या टोकाचा छोटा तुकडा निघेल. तो उन्हात धरून फिरवा. जिथं तो सीटवर बसतो तिथं केसाएवढी चकाकती रेघ दिसते. ती गोल, अखंड हवी. कुठे तुटली असेल किंवा खाच पडली असेल तर तुकडा नवा घ्या. सीटवर टॉर्च मारून बघा. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागेच पुढच्या वेळी अडकतात; जुनं धुतलेलं धोतराचं कापड उत्तम. प्लगची ओ-रिंग नवी टाका आणि बसवा. तासाभराचं काम आहे.

आता किटचं. पैसे गेले ते गेले, पण पुढच्या वेळी किट टाकण्याआधी एक परीक्षा करून घ्या. बकेटच्या जॅकवर ती सोपी जाते. बकेट जमिनीलगत ठेवून पूर्ण आत वळवा. बहुतेक लोडरमध्ये अशा वेळी जॅकचा दांडा पूर्ण आत गेलेला असतो. इंजिन बंद करा, दाब उतरवा, जॅकच्या बुडाकडचा पाइप सोडवा आणि पाइपाचं तोंड प्लग लावून बंद करा. इंजिन चालू करून कमी रेसवर लिव्हर आत वळवायच्या दिशेला धरायची, बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं. जॅकच्या उघड्या तोंडातून सुरुवातीला थोडं तेल येईल आणि थांबेल, ते ठीक. धार लागून राहिली तर पिस्टनचं सील गेलं.

एक गोष्ट मात्र फार जणांच्या डोक्यात उलटी बसलेली आहे. बकेट आपोआप उतरतं म्हणजे जॅकचं सील गेलं, असं सगळे धरून चालतात. पण विचार करा, जॅक तेलानं गच्च भरलेला आहे आणि त्याची दोन्ही तोंडं बंद आहेत. दांडा आत शिरायचा तर त्याच्या जाडीएवढं तेल कुठेतरी बाहेर गेलं पाहिजे. नुसतं पिस्टनच्या खालून वर गेलेलं तेल जॅकमध्येच राहतं, दांड्याला जागा होत नाही. म्हणून बकेट उतरतंय याचा अर्थ तेल टाकीकडे निसटतंय, आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल तर ती वाट स्पूलमधून जाते. पिस्टनचं सील फाटलेलं असेल तर उतरायचा वेग वाढतो, एवढंच. नव्या लोडरचं बकेटही रात्रभरात थोडं खाली येतं. स्पूलला रबर नसतं, लोखंडाला लोखंड घासून बसवलेलं असतं. त्यावर इलाज एकच, ट्रॅक्टर उभा करताना बकेट टेकवून ठेवायचं.

आमचा लोडर मुलगा चालवतो. अलीकडे बकेट मधेच धपकन खाली पडतं, लिव्हर पुढे अडकून राहते, आणि खाली दाबून उकिरड्याचा घट्ट थर खरवडताच येत नाही. शिवाय ओतताना बकेट अर्ध्यात क्षणभर लोंबकळतं. मोठा खर्च आहे का?
— गृहिणी आणि गोठामालकीण, ता. फलटण

ताई, खर्च बहुतेक शून्य. लिव्हर पुढे ढकलत गेलं की शेवटी एक खटका लागतो. त्याच्या पलीकडे लिव्हर अडकून राहते, त्याला फ्लोट म्हणतात. तिथं जॅकची दोन्ही तोंडं टाकीला जोडली जातात, म्हणून बकेट स्वतःच्या वजनानं पडतं आणि जमिनीच्या चढउतारावर नुसतं सरकत राहतं. अंगण सारवल्यासारखं साफ करायला ते छान, दाबून खरवडायला निरुपयोगी. मुलाला सांगा, खटक्याच्या अलीकडे थांब. बकेट वर असताना फ्लोटला कधीच टाकायचं नाही.

खटक्याच्या अलीकडेही लिव्हर अडकत असेल तर तिच्या बुडाचा रबरी बूट उचलून बघा. शेणागोमूत्रात काम करणाऱ्या लोडरचा बूट फाटला की स्पूलचं टोक गंजतं. अलीकडे कुणी ठोकळ्याचे बोल्ट आवळले होते का, हेही विचारा. वाकड्या पट्टीवर ठोकळा जोरात आवळला की त्याला पीळ बसतो आणि स्पूल जाम होतो. बोल्ट थोडे ढिले करून लिव्हर मोकळी झाली, तर चोर सापडला.

लोंबकळणं हा रोग नाही. वजनानं बकेट पंपाच्या पुरवठ्यापेक्षा जोरात उलटतं, जॅकमध्ये पोकळी पडते, ती भरेपर्यंत ते थांबतं. ओतताना रेस थोडी वाढवा.

द्राक्षबागेत फवारणीच्या हंगामात लोडर काढून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो. आता परत जोडला. एक कपलर (पाइप जोडायचा सांधा) बसतच नव्हता, हातोडीनं ठोकून बसवला. बकेट वर-खाली होतं, पण आत-बाहेर वळत नाही. व्हॉल्व्ह गेला का?
— बागायतदार, ता. तासगाव

व्हॉल्व्ह गेला असेल असं वाटत नाही. हातोडी मारलीत तो कपलर गेला असेल कदाचित. जॅकच्या एका तोंडातून तेल आत जायचं तर दुसऱ्यातून बाहेर पडलं पाहिजे. एक कपलर अर्धवट बसला की त्याचं तोंड बंद ठेवणारी आतली गोळी उघडत नाही आणि दोन्ही दिशा बंद.

खात्री अशी करा. दाब उतरवून बकेटचे दोन पाइप उचलायच्या कपलरांना लावा. आता उचलायच्या लिव्हरनं बकेट वळलं तर पाइप आणि त्यांच्या टोकाची निपल (कपलरात शिरतो तो भाग) ठीक, दोष ट्रॅक्टरकडच्या बकेटच्या कपलरात किंवा बकेटच्या स्पूलमध्ये. तरीही वळलं नाही तर दोष लोडरकडच्या निपलात, नाहीतर पाइपाचं आतलं अस्तर सुटून वाट बंद झाली आहे.

कपलर बसत का नव्हता? पत्र्याखाली उन्हानं तापून पाइपात कोंडलेलं तेल फुगलं आणि गोळीला आतून दाबून बसलं. लोडर सोडवताना इंजिन बंद केल्यावर लिव्हर चारी बाजूंना फिरवून मग पाइप काढायचे, आणि ठेवायचा तो सावलीत, टोप्या लावून. तरी दाब राहिलाच तर चष्मा लावा, पाइपाच्या मागच्या नटवर जाड कापड टाका आणि नट अर्धा आटा ढिला करून तेल झिरपू द्या. हातोडी नको. पाइपांना दोन रंगांच्या पट्ट्या बांधा, पुढच्या वर्षी डोकं खाजवावं लागणार नाही.

बकेटमध्ये शेण सहज उचलतो, मुरूम भरला की उचलत नाही. रिलीफचा स्क्रू किती आटे आवळू? सोबत फोटो पाठवतोय, एका पाइपातून बारीक धूर निघाल्यासारखं दिसतं.
— शेतकरी, ता. जुन्नर

एकही नाही. हिशेब बघा. तुमच्या जॅकचा बोअर (आतला व्यास) ५० मिमी असेल तर १५० बार दाबाला एक जॅक सुमारे ३ हजार किलोचा जोर लावतो. पण तो बिजागरीजवळ ढकलतो आणि बकेट भुजेच्या टोकाला असतं, म्हणून तुमच्या हाती काहीशे किलोच येतात. पाव घनमीटरच्या बकेटात ओलं शेण साधारण २५० किलो भरतं, मुरूम ४०० किलो. तेच बकेट, दीडपटीपेक्षा जास्त भार. मशीन बरोबर काम करतंय. अर्धं बकेट भरा. स्क्रू आवळलात तर आधी पाइप, मग पंप, आणि सगळं टिकलंच तर पुढचा एक्सल. मागे वजन बांधलेलं नसेल तर मागची चाकं उचलली जाऊन ब्रेकही धरणार नाही. स्क्रूला हात लावायचाच असेल तर प्रेशर गेज लावून, आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंतच.

फोटोतला तो धूर नाही, तेलाचा फवारा आहे. त्याला बोट लावून बघू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडी फोडून आत शिरतं. वर टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. कुणाला लागलं असेल तर मलम लावत बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि हायड्रॉलिकचं तेल गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून लांबून फिरवा. तुमच्या फोटोत डावीकडच्या पाइपाचं वरचं रबर घासून आतली तार दिसतेय, भुजेच्या पट्टीला लागून. तो पाइप बदलेपर्यंत लोडर चालू करू नका. नवा घेताना जुना नमुना सोबत न्या, आणि बसवल्यावर भुजा वर-खाली करून कुठे घासतोय का ते बघून क्लॅम्प लावा.