एवढा त्रास, तरी ती खुर्ची हवीच का?

प्रश्न : मुख्यमंत्री झालं की सकाळपासून माणसांचा गराडा, घरच्यांना वेळ नाही, रोज कुणी ना कुणी शिव्या घालणार आणि पद कधी जाईल त्याचा नेम नाही. तरी सगळे त्याच खुर्चीसाठी का धडपडतात? फक्त पैशासाठीच का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पैसा आणि मान ही कारणं असतातच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यानं सगळं समजत नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी तुमच्या म्हणण्याला दुजोरा देतो. 1960 पासून आजवर सलग पाच वर्षांची पूर्ण टर्म काढलेले मुख्यमंत्री दोनच, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. मारोतराव कन्नमवार तर 1963 ला पदावर असतानाच वारले. म्हणजे ही खुर्ची टिकत नाही हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं, तरी लोक जातात, आणि एकदा गेली तरी परत मागतात.

विलासराव देशमुखांचं बघा. सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून, मग आमदार, मंत्री, आणि 1995 ला लातूरमधूनच पडले. आपल्यासारखा माणूस म्हणाला असता बस झालं, आता शेती बघू. ते 1999 ला मुख्यमंत्री झाले, 2003 ला पद गेलं, 2004 ला परत मिळालं आणि 2008 ला 26/11 नंतर पुन्हा सोडावं लागलं, त्यानंतर दिल्लीत केंद्रात मंत्री. मला वाटतं इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आपण तो त्रास बाहेरून एकदम बघतो, पण ज्यानं विशीपंचविशीपासून लोकांची लग्नं, मयतं, बदल्या, कोर्टकचेऱ्या हेच केलंय त्याला तो त्रास रोजच्या जगण्यासारखा झालेला असतो, आणि उलट ज्या दिवशी दारात कुणी येत नाही तो दिवस त्याला खायला उठतो.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, मोठा माणूस. गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळालं पाहिजे ही कल्पना त्यांची, आणि तासगाव तालुक्यात ती आधी करूनही बघितलेली. पण 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा नाईकांच्या सरकारनं होकार दिला म्हणून ती राज्यभर गेली, पुढे 1977 ला कायदा झाला, त्या पैशासाठी लावलेला व्यवसाय कर आजही आपल्या पगारातून कापला जातो, आणि 2005 ला देशाच्या रोजगार हमी कायद्यासाठी हाच अनुभव कामी आला. कल्पना एकाची, पण हो म्हणणारा माणूस त्या खुर्चीत बसलेला लागतो! राजकारणात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शंभर वेळा दिसलेलं असतं, आपली फाईल वर अडली, आपल्या तालुक्याचं पाणी दुसरीकडे गेलं, आणि मग त्याला वाटायला लागतं की एकदा तिथे मीच असलो पाहिजे. हे वाटणं मला वाईट वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, नेता एकटा नसतो. त्याच्यामागे गावोगावचे कार्यकर्ते असतात, साहेब मोठे झाले तर आपला रस्ता होईल, आपल्या पोराचं काम होईल म्हणून वर्षानुवर्षं थांबलेले. साहेबांना थांबावंसं वाटलं तरी हे लोक थांबू देत नाहीत. एकदा मुख्यमंत्री झालेला माणूस खालचं पद का घेतो हा प्रश्न लोकांना पडतो, फडणवीस 2022 ला उपमुख्यमंत्री झाले, 2024 ला एकनाथ शिंदे झाले, त्याआधी शंकरराव चव्हाण 1978 ला शरद पवारांच्या मंत्रिमंडळात होते. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण सत्तेच्या बाहेर राहिलं की मागचे लोक उघड्यावर पडतात, हा हिशोब प्रत्येक नेत्याला करावाच लागतो.

प्रश्न : माझे दीर ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतात. सासूबाई रडतात, घर बुडेल म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती खोटी नाही, निवडणुकीत घरातला पैसा जातो आणि भावकीत वैर येतं ते वेगळंच. दिरांना एकदा शांतपणे बसवून विचारा की भाऊजी, निवडून आलात तर पहिल्या वर्षात काय करणार. पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर, पाखाडी असं काहीतरी नेमकं बोलले तर त्यांना अडवू नका, पण खर्च किती करायचा तो आकडा आधीच सासूबाईंसमोर ठरवून घ्या आणि त्यासाठी जमीन किंवा दागिना मोडायचा नाही हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. काहीच सांगता आलं नाही तर आधी वर्षभर प्रत्येक ग्रामसभेला जाऊन बसा म्हणावं.