पंख्याखाली बसून कसला थकवा?

"मॅडम, कामावरून घरी आलो की काहीच करावंसं वाटत नाही. मी आळशी झालोय का?" जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे शिक्षक, नर्स, ग्रामसेवक सगळेच हे विचारतात. त्यातला एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

रावेर तालुक्यातल्या एका बँक शाखेत पीककर्जाचं काम बघणारे गृहस्थ, चाळिशीतले. भुसावळहून रोज रेल्वेने ये-जा. त्यांना बायको घेऊन आली होती. "हे आले की बूटसुद्धा न काढता पडतात आणि मोबाईल बघत राहतात. पोरगा गणित विचारायला गेला की खेकसतात. यंदा मित्रांच्या भरीत पार्टीलाही गेले नाहीत!" खान्देशी माणूस हिवाळ्यात भरीत पार्टी टाळतो म्हटल्यावर घरच्यांना काळजी वाटणारच.

वडील केळीचे शेतकरी. त्यांचं म्हणणं, "पंख्याखाली बसून कसला थकवा येतो रे?" मे महिन्यात ४५ अंशांत बागेत राबलेल्या माणसाने असं विचारावं, यात नवल नाही. पण तेव्हापासून मुलाने घरात थकव्याचा विषयच काढणं सोडलं होतं.

झोप नीट नाही, डोकं जड, रविवारी दुपारपासूनच सोमवारची धडकी. हे सगळं ते सांगत होते. मला मात्र त्यांनी ओघात सांगितलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. वादळात बाग आडवी झालेला एक म्हातारा शेतकरी कर्जाचं विचारायला आला होता. यांनी मान वर न करता "उद्या या" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. "आणि मला काहीच वाटलं नाही हो. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा!"

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटना याला आजार म्हणत नाही. नीट न हाताळलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा हा परिणाम आहे. थकवा लोकांना चटकन कळतो. माणसांबद्दल वाटेनासं होतं, तेव्हा मात्र ते स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतात.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. रिपोर्ट ठीक आले. नैराश्याचीही चौकशी केली. सुट्टीत, गावी बागेत फिरताना त्यांना बरं वाटायचं. नैराश्यात बहुधा तेवढीही उभारी उरत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून ते विचारत राहावं लागतं.

मग दोन आठवडे रोज एक ओळ लिहायला सांगितली: आज सगळ्यात जास्त कशाने दमलो? मला वाटलं होतं, शेतकऱ्यांची रांग. निघालं भलतंच. विमा पॉलिसी विकण्याचं टार्गेट आणि रात्री आठची ऑनलाइन आढावा बैठक. म्हणजे कामावरून परतल्यावरचा वेळ त्यांच्याकडे नव्हताच; घरी फक्त जागा बदलत होती. अशा माणसाला पहाटे उठून योगा करायला सांगणं मला क्रूर वाटतं.

व्यवस्थापकांपुढे काय मागायचं, याची आम्ही तयारी केली. मागण्या तीन होत्या, मान्य झाली एकच: रात्रीची बैठक आठवड्यातून दोनदाच. टार्गेट तसंच राहिलं. घरी ठरलं की आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही आणि जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत.

"नोकरी सोडू का?" हे ते प्रत्येक भेटीत विचारायचे. इतकं थकलेलं असताना असा निर्णय घेऊ नका, असं मी सांगितलं. झोप सुधारल्यावर त्यांनी बदलीचा अर्ज केला. तो अजून मंजूर नाही. मार्चअखेरीस पुन्हा तोच कडवटपणा आला. या वेळी मात्र त्यांनी स्वतःच ओळखलं आणि फोन केला.

सुट्टीतही बरं वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो.