शांतिरक्षण मोहिमेतील मनुष्यबळ विभाग : आधी कामात मुरावे, मग मोहिमेवर जावे

प्रश्न : माझी मुलगी मनुष्यबळ व्यवस्थापनात एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिरक्षण मोहिमेत एचआरचे काम करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. जिथे सैनिक असतात तिथे एचआरचे काय काम, हेच मला उमगत नाही. ही नोकरी कायमची असते का? मुलीने तिथे एकटीने राहणे कितपत सुरक्षित आहे? पदवी मिळताच अर्ज करता येतो का? एक सल्लागार शुल्क घेऊन जागा मिळवून देण्याची तयारी दाखवत आहेत. काय करावे? – एक आई

उत्तर : महोदया, आपले पत्र मी काळजीपूर्वक वाचले. आपल्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पुढचे बरेचसे आपोआप स्पष्ट होईल.

मोहिमेवरच्या सैनिकी तुकड्यांची भरती संयुक्त राष्ट्रे करत नाहीत. सदस्य देश आपापल्या तुकड्या पाठवतात, त्यांचे वेतन तेच देश देतात आणि आमसभेने ठरवलेल्या समान दराने त्या देशांना परतफेड होते. परंतु तुकडी उतरली म्हणजे मोहीम उभी राहिली, असे होत नाही. तिथे मानवी हक्कांच्या उल्लंघनांची नोंद घेणारे अधिकारी लागतात, राजकीय घडामोडींचे विश्लेषक लागतात, तसेच विधिज्ञ, अभियंते, विमानांच्या फेऱ्या ठरवणारे, भांडार सांभाळणारे, दुभाषे आणि चालकही लागतात. या सर्व मुलकी माणसांची जाहिरात, निवड, नेमणूक, पगार, रजा, बदली आणि शेवटी सेवासमाप्ती हे सारे मनुष्यबळ विभागाचे काम. १९४८ मध्ये पहिली मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आजवर ७०हून अधिक मोहिमा झाल्या आहेत. त्यांतील प्रत्येक मोठ्या मोहिमेत हा विभाग, क्वचितच कोणाच्या नजरेत येत, राबत आलेला आहे.

कर्मचाऱ्यांचे प्रकारही आपल्या मुलीने आधीच समजून घ्यावेत, कारण पुष्कळ अर्ज इथेच चुकतात. मोहीम ज्या देशात असते तिथले नागरिक सामान्य सेवा या श्रेणीत आणि राष्ट्रीय व्यावसायिक अधिकारी म्हणून नेमले जातात. या जागांवर बाहेरच्या व्यक्तीला अर्ज करता येत नाही. तिच्यासाठी खुल्या असतील त्या आंतरराष्ट्रीय जागा, म्हणजे ‘पी’ ही व्यावसायिक श्रेणी आणि ‘एफएस’ ही फील्ड सर्व्हिस श्रेणी. यांखेरीज संयुक्त राष्ट्र स्वयंसेवकांचा मार्ग आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

आता हे काम जवळून कसे दिसते ते पाहू. नवा कर्मचारी रुजू होतो त्या दिवशी त्याच्याकडून अनेक कागद भरून घेतले जातात. त्यांत एक असतो आपत्काळात कोणाला कळवायचे याचा आणि एक निवृत्तिवेतन निधीतील लाभ कोणाच्या नावे करायचा याचा. थकून आलेला माणूस हे कागद ‘उद्या भरतो’ म्हणून बाजूला सारतो, आणि कामात गुंतलेला एचआर सहायकही तो उद्या चालवून घेऊ शकतो. परंतु १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि तिथल्या मोहिमेच्या प्रमुखांसह संयुक्त राष्ट्रांच्या १०२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा वेळी कोण कोणत्या इमारतीत होते, कोण रजेवर होते, कोणाच्या घरी कोणत्या भाषेत आणि कोणाला कळवायचे, हे त्या कंटाळवाण्या कागदांवरूनच ठरते. जुना दूरध्वनी क्रमांक, घटस्फोटानंतर न बदललेले वारसाचे नाव, चुकीची जन्मतारीख यांतली कोणतीही एक चूक एखाद्या कुटुंबाला महिनोन्‌महिने हेलपाटे घालायला लावू शकते. म्हणूनच या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच विचारतो की, कागद बिनचूक ठेवण्यात तुम्हाला मनापासून रस आहे का?

दुसरे उदाहरण विश्रांती रजेचे. खडतर आणि धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ठरावीक आठवड्यांनंतर, कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ, त्या ठिकाणाहून बाहेर पडून पाच कामाचे दिवस विश्रांती घेता येते आणि प्रवासाचा वेळ वेगळा मिळतो. ऐकायला हे सोपे वाटते. पण दुर्गम ठाण्यावर दोनच रेडिओ तंत्रज्ञ असतील, दोघांचीही रजा एकाच आठवड्यात येत असेल, आठवड्यातून मोजकीच हेलिकॉप्टरे सुटत असतील आणि पावसाने धावपट्टी बंद पडली असेल, तर ही रजा कोणाला आधी द्यायची? इथे नियम पाठ असून भागत नाही. दोघांशी बोलावे लागते, त्यांच्या वरिष्ठांना समजवावे लागते आणि घेतलेला निर्णय का घेतला हे लेखी नोंदवावे लागते, म्हणजे पुढच्या वेळी कोणालाही पक्षपाताचा संशय येत नाही.

पक्षपाताचा मुद्दा मी मुद्दाम काढला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०१व्या कलमात नेमणुकीसाठी कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी हे सर्वोच्च निकष सांगितले आहेत, आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर भरती व्हावी असेही म्हटले आहे. आता ज्या देशात नुकतेच गृहयुद्ध होऊन गेले, तिथे चालकाच्या एका जागेसाठी जाहिरात निघाली आहे अशी कल्पना करावी. एकाच टोळीची वा एकाच प्रांताची माणसे नेमली गेली अशी नुसती वदंता जरी पसरली, तरी मोहिमेच्या निष्पक्षपणावर प्रश्नचिन्ह लागते. मोहिमेच्या पगारावर तिथली कित्येक घरे चालतात, त्यामुळे भरती करणाऱ्यांवर ओळखीपाळखीचे दडपणही मोठे असते. निवड समितीची रचना, लेखी परीक्षेतील उमेदवारांची नावे झाकणे, प्रत्येक गुणामागचे कारण नोंदवणे या सगळ्यांना तिथे शांततेच्या कामाइतकेच मोल आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच्या जोडीला पडताळणीचे काम येते. लैंगिक शोषण आणि अत्याचारापासून संरक्षणाचे विशेष नियम सरचिटणीसांनी २००३ मध्ये लागू केले. अशा गैरवर्तनामुळे काढून टाकलेली व्यक्ती दुसऱ्या संस्थेत पुन्हा नोकरीला लागू नये म्हणून ‘क्लिअरचेक’ ही सामायिक नोंद वापरली जाते. नेमणुकीपूर्वी ही तपासणी पूर्ण करून घेण्यात मनुष्यबळ विभागाने केलेली हयगय शेवटी ज्यांच्या रक्षणासाठी मोहीम गेली, त्याच बायकामुलांना भोगावी लागते.

नोकरी कायमची असते का, या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे, आणि ते मऊ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. मोहीम सुरक्षा परिषदेच्या ठरावाने सुरू होते आणि ठरावानेच संपते. मालीमधील मोठी मोहीम बंद करण्याचा निर्णय ३० जून २०२३ रोजी झाला आणि माघार पूर्ण करण्यासाठी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतची मुदत मिळाली. लेबनॉनमध्ये १९७८ पासून असलेल्या मोहिमेलाही २०२६ अखेरपर्यंतची अंतिम मुदतवाढ मिळालेली आहे. सदस्य देशांकडून पैसा वेळेवर न आल्यामुळे २०२५ मध्ये अनेक मोहिमांत मोठ्या कपातीची घोषणा झाली. अशा वेळी कोणाची जागा राहणार आणि कोणाची जाणार याचा तौलनिक आढावा, नोटिसा आणि अखेरचा हिशेब हे सारे मनुष्यबळ विभागच हाताळतो, तेही स्वतःची जागा जाणार हे ठाऊक असताना. सुरुवातीच्या नेमणुका तात्पुरत्या, म्हणजे एक वर्षाहून कमी, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुदतीच्या असतात. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी किमान पाच वर्षे वर्गणीची सेवा लागते. हे सर्व हिशेबात धरूनच आपल्या मुलीने पुढे जावे.

पदवी मिळताच अर्ज करू नये, असा माझा सल्ला आहे. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तरी पी-२ जागेसाठी पदव्युत्तर पदवीबरोबर साधारण दोन वर्षांचा आणि पी-३ साठी पाच वर्षांचा संबंधित अनुभव मागितला जातो. खरे कारण मात्र वेगळे आहे. मोहिमेवर शिकवायला कोणाला सवड नसते. तिने तीनचार वर्षे अशा ठिकाणी काम करावे जिथे अनेक देशांचे किंवा अनेक ठाण्यांवर विखुरलेले कर्मचारी आहेत. पगार, रजा, बदल्या, तक्रारी, शिस्तभंगाची प्रकरणे हे सारे स्वतः हाताळावे. केवळ भरतीच्या मुलाखती ठरवण्याचा अनुभव इथे फार कमी पडतो. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांचे मनुष्यबळ विभाग यासाठी उत्तम शाळा आहेत.

संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयोगटासाठी युवा स्वयंसेवकांची श्रेणी आहे, आणि त्यापुढील वयाच्या अनुभवी व्यक्तींसाठी तज्ज्ञ स्वयंसेवकांची. त्यात पगार नसून निर्वाहभत्ता मिळतो. मात्र मोहिमेचा कारभार आतून दिसतो आणि पुढच्या अर्जात तो अनुभव गणला जातो. मला विचाराल तर तिच्यासाठी हाच दरवाजा सर्वांत रास्त आहे. ३२ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम ही परीक्षाही असते, पण सहभागी देश आणि विषय दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या परीक्षेच्या भरवशावर राहू नये.

अर्ज केल्यानंतर धीर धरावा लागतो. छाननी, लेखी परीक्षा, वागणुकीची प्रत्यक्ष उदाहरणे विचारणारी मुलाखत आणि पुनरीक्षण समितीची मान्यता अशा पायऱ्या असतात. जाहिरातीपासून निवडीपर्यंत १२० दिवसांचे उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागू शकतो. निवड न झालेल्या पण पात्र ठरलेल्या उमेदवारांची नावे रोस्टरवर, म्हणजे राखीव यादीत, जातात आणि तिथून पुढे थेट नेमणूक होऊ शकते. म्हणून रोस्टरवर येणे हेही मोठे यश समजावे. या मधल्या काळात तिने फ्रेंच शिकावी. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथील मोहिमांत स्थानिक सहकाऱ्यांची गाऱ्हाणी फ्रेंचमध्येच येतात, आणि दुभाष्यामार्फत ऐकलेले गाऱ्हाणे बऱ्याचदा अर्धेच पोहोचते.

सुरक्षिततेविषयी आपल्या मनात जी धाकधूक आहे ती रास्त आहे. सनदेच्या ८व्या कलमानुसार स्त्री-पुरुषांना सर्व पदे समान अटींवर खुली आहेत, त्यामुळे मुलगी म्हणून तिला अडवले जाणार नाही. रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे असते. बाहेर पडण्याच्या वेळा आणि राहण्याची जागा यांवर निर्बंध असतात. तरीही धोका शून्य होत नाही, आणि अनेक ठिकाणी कुटुंब सोबत नेता येत नाही. आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, पण या क्षेत्रातील सर्व कामे संघर्षाच्या भूमीवर होत नाहीत. आफ्रिकेतील मोहिमांच्या कर्मचाऱ्यांचे पगार, भत्ते आणि प्रवासाचे बरेचसे काम युगांडातील एन्टेबी येथील प्रादेशिक सेवा केंद्रातून चालते. हे केंद्र २०१० मध्ये सुरू झाले. पहिली नेमणूक अशा केंद्रात मिळाली तर ती नाकारू नये. मात्र कोणत्या ठिकाणी जायला आपली तयारी आहे आणि कोणत्या नाही, हे तिने आपल्याशी बोलून अर्जाआधीच ठरवावे. नेमणुकीचे पत्र हातात आल्यावर असा निर्णय नीट होत नाही.

राहिला तो सल्लागार. त्याला एक पैसाही देऊ नये. अर्ज, मुलाखत, कागदपत्रे वा प्रशिक्षण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रे शुल्क घेत नाहीत आणि उमेदवाराच्या बँक खात्याचा तपशीलही मागत नाहीत. अर्ज उमेदवाराने स्वतः, संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत करिअर संकेतस्थळावर, ‘इन्स्पिरा’ या प्रणालीतून भरायचा असतो. आपण त्या गृहस्थांना काही रक्कम आधीच दिली असेल, तर पावती आणि संदेश जपून ठेवून पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार नोंदवावी.