आधी डिफरन्शियल, मग इंजिन

माझदाची मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार घेतलीस, तीही पहिल्या पिढीतली 1.6 लिटर इंजिनाची, झकास! पण टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राची, घाई नको. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच. तो ओपन, म्हणजे साधा, असेल तर वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हलकं झालेलं आतलं चाक नुसतंच गरगरतं. इंजिनाची ताकद वाढवलीस तर ते आणखी गरगरेल, एवढंच.

1.6 चं मूळ डिफरन्शियल 6 इंची आणि नाजूक. 1994 पासून 1.8 इंजिनासोबत 7 इंची आलं, काही गाड्यांत टॉर्सनसह, म्हणजे एकच चाक गरगरू न देणाऱ्या प्रकारचं. एखाद्या वापरलेल्या 1.8 चं टॉर्सन मिळालं तर सोडू नकोस. मात्र हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रॉपशाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) 1.8 चेच घे, नाहीतर जोडणी जुळणार नाही. टॉर्सन गिअरवर चालतं, आवाज नाही, देखभालही फारशी नाही. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचं काही चालत नाही. याच कामाचा दुसरा प्रकार, क्लचप्लेटवालं डिफरन्शियल, तेव्हाही पकड धरतं, पण प्लेटा झिजतात, त्याचं खास तेल वेळेवर बदलावं लागतं आणि पार्किंगमध्ये ते कटकट करतं. रोज चालवायच्या गाडीला माझं मत टॉर्सनलाच.

इंजिनाला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतात का ते कळेल. मग इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) 10 अंशांवरून 14 वर ने. तपासताना डायग्नोस्टिक बॉक्समधले TEN आणि GND (ग्राउंड) हे दोन टर्मिनल एकमेकांना जोडायला विसरू नकोस. पेट्रोल जास्त ऑक्टेनचंच भर. नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, ऐकू आलं तर टायमिंग लगेच मागे घे. टर्बो पुढच्या वर्षी, आणि तोही हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवल्याशिवाय नाही.