तरुणपणी पाहिलेली कुठली रॉक कॉन्सर्ट तुम्हाला अजून आठवते?

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल (जोरदार, कडक रॉक) बँडची. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान.

तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. अख्ख्या वर्गात मेटल ऐकणारे आम्ही तिघंच. बाकीच्यांच्या मते ते संगीत म्हणजे भांड्यांची आदळआपट. मेडनचा आदल्या वर्षीचा बंगळुरूचा कार्यक्रम पैशांअभावी हुकला होता. म्हणून या वेळी मेसचे पैसे तिकिटात घातले आणि महिनाभर वडापाववर काढला. घरी सांगितलं, मित्राच्या ताईचा साखरपुडा आहे मुंबईला.

त्यांच्या त्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. बँड दौऱ्यासाठी खास भाड्याने घेतलेल्या बोइंग ७५७ विमानातून आला होता. मागच्या भागातल्या सीट काढून तिथे सामान भरलेलं आणि विमान चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः! गाणाराच वैमानिक, हे आम्ही वर्गात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

प्रगतीने दादर, तिथून लोकलने कुर्ला. कुर्ल्याला उतरलो आणि बघतच राहिलो. पुलावर, जिन्यावर, रिक्षांच्या रांगेत, जिकडे बघावं तिकडे काळे टीशर्ट. बहुतेक आमच्यासारखेच, फॅशन स्ट्रीटवरून घेतलेले, एका धुण्यात एडीचा, म्हणजे मेडनच्या चित्रातल्या त्या भुताचा, चेहरा पुसट झालेले. हे सगळे इतकी वर्षं कुठे होते, असं झालं.

गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. खिळ्यांचे पट्टे काढून घेतले. मित्राच्या खिशातली चिल्लरसुद्धा घेतली, का ते आजतागायत कळलेलं नाही. आत धूळच धूळ. आधी मेडनचा बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिस याची मुलगी लॉरेन गायली. खरं सांगायचं तर तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

मेडन आले आणि पुढची दहा मिनिटं मला नीट आठवतच नाहीत. मागून असा लोंढा आला की पाय जमिनीला लागत नव्हते. आठवतं ते मधलं, इंग्रज कवी कोलरिजच्या खलाशावरच्या कवितेवरचं तेरा मिनिटांचं गाणं. त्यात एका जागी सगळं थांबतं. नुसता बास उरतो आणि जहाजाच्या फळ्या करकरल्याचा आवाज. स्टेजवर अंधार, धूर, आणि इतका वेळ धिंगाणा घालणारं मैदान चिडीचूप. शेजारचा मुलगा तोंडातल्या तोंडात शब्द म्हणत होता, आरतीला म्हणतात तसे.

तो सगळा दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता, अपवाद फक्त १९९२ च्या ‘फिअर ऑफ द डार्क’चा. त्याच्या सुरुवातीच्या गिटारच्या सुरावटीला शब्दच नाहीत, तरी अख्खं मैदान ती ‘ओ ओ ओ’ करत गात होतं. मी बेसूर आहे, गणपतीतही मला टाळ देऊन मागे उभं करतात. त्या रात्री मात्र मी सुरात होतो, निदान तसं वाटलं तरी.

परतीला गाडी नव्हती. रात्र दादरच्या फलाटावर काढली आणि पहाटेची इंद्रायणी पकडली. तिघांचेही घसे बसलेले, टीशर्ट धुळीने पांढरे. समोरच्या काकूंनी विचारलं, “कबड्डीच्या मॅचला गेला होतात का रे?” उत्तर द्यायला आवाजच नव्हता, नुसत्या माना डोलावल्या. त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून दिली. आईला सांगितलं, साखरपुड्यात खूप नाचलो. ती काही बोलली नाही. टीशर्ट मात्र दोनदा भिजवावा लागला तिला.

पुढे २००९ मध्ये त्या दौऱ्यावर माहितीपट आला, त्यात मुंबईची ती रात्रही आहे. गर्दीची दृश्यं आम्ही थांबवून थांबवून पाहिली. एका ठिकाणी डाव्या कोपऱ्यात हवेत एक कोपर दिसतं. मित्र म्हणतो त्याचं आहे. माझं आहे ते.